शेळ्यांच्या घंटांची कबड्डी

माझ्या भाचीला जन्मापासून दिसत नाही, पण ऐकू इतकं येतं की तिच्या घरात चोरून शेव खायची सोय नाही. झरीला बहिणीकडे गेलो की मी खातोच आणि पकडला जातोच.

भात कापून झालं की घरामागच्या रिकाम्या शेतात पाड्यावरच्या पोरी कबड्डी खेळतात. चढाईला येणारी ‘कबड्डी कबड्डी’ करतच येते, त्यामुळे भाची तिची तंगडी बरोबर धरायची. पंचाईत व्हायची ती तिच्या स्वतःच्या चढाईला. समोरच्या पोरी श्वास रोखून उभ्या राहायच्या आणि ही हवेत हात मारून परत यायची.

मग मी अक्कल चालवली. डहाणूच्या कचेरीत मला कोणी ती चालवू देत नाही. शेजारच्या म्हातारीच्या शेळ्यांच्या घंटा सोडल्या आणि पोरींच्या कमरेला बांधल्या. घंटा मुठीत धरायची नाही, एका जागी उभं राहायचं नाही, आणि मधली रेषा पेंढ्याची, म्हणजे भाचीच्या पायाला लागेल. बिनघंटेच्या शेळ्या त्या दिवशी कुणाच्या तरी वालात घुसल्या आणि म्हातारीने माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. खेळ मात्र जमला.

भाचीला एकच हवं होतं, कुणाला तरी एकदा आपल्या हाताने बाद करायचं. वर्गात तसं सांगून बसली होती. तीन रविवार गेले, एकही हाती लागेना. चौथ्या रविवारी समोर एक पोरगी कमी पडली म्हणून मीच कमरेला घंटा बांधली. भाची आली, हळू पुटपुटत, कान मोकळे ठेवून. दम संपत आला, मानेच्या शिरा ताणल्या. मला बघवेना. मी अर्धं पाऊल पुढे सरकलो. तिचा हात माझ्या पोटाला लागला, ती पेंढा ओलांडून परत गेली आणि पोरींनी एकच गिल्ला केला.

ती मात्र नाचली नाही. पंच तिची आईच, म्हणजे माझी बहीण. भाची तिला म्हणाली, “मामाला बाहेर काढ. सगळ्यांच्या घंटा मागं जातात, त्याची पुढं आली.”

मी आधी चिडलो. पाय घसरला म्हणून सांगून पाहिलं. बहिणीने नुसतं बघितलं, तशी मुकाट्याने घंटा सोडली आणि बांधावर जाऊन बसलो. लाज वाटत होती, खरं सांगतो.

भाचीने चढाई परत मागून घेतली. या खेपेला घंटा चहूकडे पांगल्या. एकीच्या मागे ती थेट कोपऱ्यापर्यंत गेली, हात थोडक्यात चुकला, आणि बाकीच्या तिघींनी मिळून तिला आडवी पाडली. गुडघा सोलला, तोंडात माती. बाद.

आईचा हात झिडकारून ती थुंकत थुंकत माझ्या शेजारी येऊन बसली. मी समजुतीचं काहीतरी जुळवत होतो.

“मामा, ती माझ्यापुढं पळत होती ना? जीव खाऊन?”

“हो,” मी म्हणालो. ते खरंच होतं, त्यामुळे पुढे काही बोलावं लागलं नाही.