भाऊजी जिन्यावरून पडतात

माझे भाऊजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, अंबरनाथच्या एका कारखान्यात अधिकारी आहेत. ते वरचेवर जिन्यावरून पडायचे. हेंद्रेपाड्यातलं त्यांचं घर तळमजल्यावर होतं, पण एवढा बारीक विचार आमच्या घराण्यात कोणी करत नाही. डोळा काळानिळा दिसला की आई म्हणायची, जावयांचा चष्म्याचा नंबर वाढला असेल.

गेल्या उन्हाळ्यात ते सोनिवलीला माझ्या दारात येऊन उभे राहिले. मनगट टम्म सुजलेलं. ताईनं लाटण्यानं मारलं होतं. त्यांचा गुन्हा म्हणजे जून कोथिंबीर आणली. पाणी पिऊन झाल्यावर खाली बघत म्हणाले, "तुझीच बहीण आहे, सांगायची लाज वाटते. पण दुसरं कोणी खरं धरणार नाही."

हाड मोडलं होतं. प्लास्टर घालून आम्ही थेट पोलीस चौकीत गेलो. हवालदारांनी हसू दाबत विचारलं, एवढे धिप्पाड तुम्ही, उलट हात का नाही उचललात? उचलला असता तर आत गेला असतात, हेही त्यांनीच लगेच सांगितलं. बायकोनं मारल्याची तक्रार लिहायला त्यांचं पेन काही उठेना. मी खुर्ची सोडली नाही, तेव्हा कुठे नोंद झाली.

मग कॅम्प एक या वस्तीत मामांकडे बैठक बसली. ताईचा स्वभाव जरा तापट आहे, मनानं साफ आहे, असं मामांनी चहात बिस्कीट बुडवत सांगितलं. ताईचा हात मोडला असता तर हेच मामा अर्धा कॅम्प घेऊन जावयाच्या दारात गेले असते. मावशीनं पदर तोंडाला लावला. रडायला नाही, हसायला.

आईनं मला विचारलं, "तू नक्की कोणाच्या बाजूची?"

"ज्याचं हाड मोडलंय त्याच्या," मी म्हटलं.

भाऊजी परत गेलेच नाहीत. काही दिवस माझ्याकडे राहिले, मग अंबरनाथला खोली घेतली आणि वकील गाठला. कारखान्यात थोडी टिंगल झाली. त्यांनी विचारणाऱ्याला खरं काय ते सांगून टाकलं, तसं हसणं ओसरलं. परवा भेटले तेव्हा म्हणाले, आता दाराकडे पाठ करून झोपता येतं.

ताई माझ्याशी बोलत नाही. मामा मात्र प्रत्येक लग्नात सगळ्यांना सांगतात, की जावयानं आमच्या गरीब पोरीला टाकलं.