कापलेले दशांश

भाऊजी,

तुम्ही एक मजला खाली राहता आणि मी तुम्हांला पत्र लिहिते आहे. जिना उतरून बोलण्यात आता अर्थ नाही, माझंही तुम्हांला ऐकू येईनासं झालंय. शिवाय हे पत्र मी छापायला देणार आहे. जे बोलले ते चारचौघांत बोलले, मग कबूलही चारचौघांतच करायला हवं. त्यामुळे तुम्हांला पाठ असलेल्या गोष्टीही सांगाव्या लागतील. तेवढं सोसा.

तुम्ही माझे धाकटे दीर. पत्र्याचे डबे करणाऱ्या कारखान्यात चौतीस वर्षं प्रेसवर उभे राहिलात, आणि त्या ठोक्यांनी तुमचे कान खाल्ले. आधी वरचे सूर गेले: दाराची घंटा, चिमण्या, मग बायकोचा आवाज. जाऊबाई म्हणायची, "माझ्या बोलण्यातून सुटले, म्हणून बघा तब्येत कशी सुधारलीय." तुम्ही हसायचात. तिचे ओठ वाचून हसायचात, आणि सगळ्यांचंच असं ओठांवरून समजून घेता, असं आम्ही धरून चाललो होतो.

निवृत्त झालात त्याच वर्षी कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, "खर्जाचे सूर अजून शाबूत आहेत. वर्ष, फार तर दीड वर्ष धरा. मग तेही जातील." दुसरा कोणी असता तर डोकं धरून बसला असता. तुम्ही दवाखान्यातून येताना सुताराकडून लाकूड आवळून धरायचे दोन क्लॅम्प मागून आणलेत.

तरुणपणी कारखान्याच्या वार्षिक समारंभात तुम्ही दुसऱ्याची बेस गिटार मागून वाजवायचात. चार जाड तारा, सगळा कारभार खर्जात. स्वतःची कधी झाली नाही. आता उरलेल्या दीड वर्षात ती करायची, हातांनी करायची आणि ऐकायची, एवढंच तुमच्या मनात होतं. सासूबाईंच्या जुन्या कपाटाचं दार मी भंगारात काढायला निघाले होते. ते तुम्ही जिन्यातच अडवलंत. "वहिनी, हे लाकूड पन्नास वर्षं वाळलंय. असं विकत मिळत नाही."

तुमच्या मागच्या बाल्कनीत चार महिने रंधा चालला. जाऊबाईच्या वाळत घातलेल्या साड्यांवर भुसा, तिच्या पोळपाटावर सोल्डरचा डाग. अंग त्या दाराचं, आतून थोडं पोखरलेलं. त्यात दोन तऱ्हांचे कान बसवायचे होते. हा शब्द तुमचाच. चुंबकाचा पिकअप तारेचं ऐकतो आणि तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीखाली दडवलेली पीझोची पट्टी लाकडाचं ऐकते. "एकाच वाद्यात दोन्ही," तुम्ही म्हणालात, "एक कान गेला तर दुसरा." मी म्हटलं, "आणि तुमचे दोन्ही गेले तर?" तुम्ही म्हणालात, "मग छातीला लावून बसेन."

आता माझा भाग.

बेसच्या मानेवर आडव्या धातूच्या बारीक तारा ठोकलेल्या असतात, त्यांना फ्रेट म्हणतात. त्यांच्या जागा ठरल्या की सूर ठरतो, त्या चुकल्या की सगळं बेसूर. दोन फ्रेटमधलं अंतर घोडीकडे जाताना ठरावीक प्रमाणात कमी होत जातं. ते गणित घेऊन तुम्ही माझ्याकडे आलात, कारण मी एकतीस वर्षं कॉलेजात गणित शिकवलं. उत्तरं दशांशात येत होती: अठ्ठेचाळीस पूर्णांक एकोणपन्नास मिलिमीटर, पंचेचाळीस पूर्णांक सत्याहत्तर, असं. मला भिशीला जायचं होतं. मी दशांश कापून टाकले आणि अठ्ठेचाळीस, पंचेचाळीस, त्रेचाळीस अशी सरळ यादी लिहून दिली. अर्ध्या मिलिमीटरनं काय होतंय, रंध्यानं काम करणाऱ्या माणसाला एवढं कशाला.

आकडे शेवटपर्यंत कापायचे नाहीत, चुका साठत जातात, हे मी एकतीस वर्षं फळ्यावर लिहीत होते. त्यावर पोरांचे मार्क कापत होते. तुमच्या मानेवर बाराव्या फ्रेटपर्यंत त्या चुका साठून सहा मिलिमीटर झाल्या. तुम्ही मात्र काटेकोरपणे, भिंगातून बघून, माझ्या यादीबरहुकूम खाचा पाडल्यात.

ह्यांचा पंचाहत्तरावा वाढदिवस आमच्या घरी झाला. पीझोची जोडणी अर्धवट होती, पण चुंबकाचा पिकअप चालू झाला होता. तुम्ही तो स्पीकरला जोडलात आणि जुनी चाल धरलीत, जिच्यावर हे लग्नाआधी शीळ घालायचे. खाली खाली ठीक होतं. हात वर सरकला तसा सूर उतरायला लागला. ह्यांनी मान खाली घातली. कोणी खोकलं. मी वन्संकडे वाकले आणि आवाज अगदी खाली आणून म्हटलं, "कान गेलेल्यानं वाजवायचं आणि आपण सोसायचं. सासूबाईंचं दार भंगारात गेलं असतं तर निदान शांतता तरी राहिली असती." वन्सं पदर तोंडाला लावून हसल्या. अजून दोघीतिघी हसल्या.

तुम्ही चाल मध्येच थांबवलीत, वायर काढून नीट गुंडाळलीत आणि ह्यांना म्हणालात, "पुढच्या वाढदिवसाला बरी वाजेल." मला वाटलं, बोटं दुखली असतील.

महिन्याभरानं मी जाऊबाईचा डबा परत द्यायला खाली आले. ती आंघोळीला गेली होती. बेस टेबलावर उताणी पडली होती आणि मानेवर एकही फ्रेट नव्हता. तुम्ही सगळे उपटून काढले होते आणि खाचांत लाकडाच्या पातळ चिपा बसवून घासून सपाट केलं होतं. भिंतीवर माझी यादी चिकटवलेली होती. माझ्या प्रत्येक आकड्यापुढे तुमच्या पेन्सिलीनं दशांश भरलेला, आणि सगळ्यांत खाली एकच आकडा: ६.

मी यादीकडे बघत उभी राहिले. तुम्ही कानशीनं काहीतरी घासत होतात.

"भाऊजी, मला सांगायचं नाही का?" मी म्हटलं. तोंड भिंतीकडेच होतं.

"काय सांगणार. गणित चुकलं नव्हतं, वहिनी. घाई झाली होती."

पाठमोरी होते मी. ओठ दिसत नव्हते. मी वळले तेव्हा तुम्ही कानशीवरून नजरही उचललेली नव्हती.

"तुम्हांला ऐकू आलं?"

"तुमचं येतं की. हिचं नाही येत, तुमच्या वन्संचं नाही. तुमचा आवाज खर्जाचा. पहिल्यापासून तुमचं सगळं येतं."

फोनवर लोक मला "सर" म्हणतात, एवढा माझा आवाज जाड. त्याचा मला गर्वच होता, वर्गात माइक लागायचा नाही. आणि तुमच्यासमोर कुणाचं वाईट बोलायचं असलं की मी आवाज आणखी खाली आणायची. म्हणजे इतक्या वर्षांत मी नेमकं तेवढंच तुमच्या कानांत घातलं जेवढं ऐकवायचं नव्हतं. तुमची नोकरी, तुमची बायको, तुमचं मूल नसणं. जेवणाच्या टेबलावर, तुम्हांला वाढता वाढता.

"मानेवर फ्रेटची नवी पट्टी बसवा," मी म्हटलं.

"मग मान पहिल्यापासून करावी लागेल. तेवढा वेळ कानांकडे नाही. अशीही वाजते, फक्त सूर ऐकून शोधावा लागतो."

ऐकून. फ्रेट असते तर कान गेल्यावरही बोटं सुरावरच पडली असती. तो आधार माझ्या घाईनं गेला आणि तुम्ही तो न बोलता घासून सपाट केला होता. मी माफी मागायला तोंड उघडलं. तुम्ही मला तिथपर्यंत जाऊ दिलं नाहीत.

"उद्या बाजारात जाणार ना, वहिनी? नऊ व्होल्टची बॅटरी आणा. चौकोनी, लहान. पीझोला लागते, त्याशिवाय लाकडाचा आवाज निघत नाही. बाकी सगळं झालंय."

मला तेव्हाच कळलं होतं. बॅटरी तुम्हीही आणू शकला असतात, दुकान तुमच्या खिडकीतून दिसतं. माफीऐवजी तुम्ही मला एक हलकं काम दिलं होतंत.

दुसऱ्या दिवशी मी दुकानापर्यंत गेले. दुकानदारानं विचारलं, "काय देऊ बाई?" मी घरातल्या दिव्यासाठी बल्ब घेतला आणि परत आले. बॅटरी घेतली असती तर ती द्यायला खाली यावं लागलं असतं, काहीतरी बोलावं लागलं असतं, आणि तुम्ही ते ऐकलं असतंत. मला माझाच आवाज नको झाला होता. मग मुलीकडे गेले, पंधरा दिवसांसाठी म्हणून अडीच महिने राहिले. परत आल्यावर तुमच्या दारावरून पायांतल्या वहाणा न वाजवता जायची. एकतीस वर्षं वर्गात ताठ मानेनं उभी राहिलेली बाई.

त्या काळात एकदा जाऊबाईनं जिन्यात गाठलं. "ताई, तुम्ही ह्यांना काय आणून देणार होतात? मी म्हटलं, मी आणते, समोरच तर मिळते. तर म्हणतात, वहिनींना सांगितलंय."

"आणते," मी म्हटलं. "लक्षातून गेलं बघ."

लक्षातून एक दिवसही गेलेलं नव्हतं.

गेल्या महिन्यात ह्यांच्याशी बोलताना तुम्ही दोनदा "काय?" म्हणालात. मग मी हाक मारली. मोठ्यानं, माझ्या जाड आवाजात, तुमच्या पाठीमागे दोन हातांवरून. तुम्ही वळला नाहीत.

जाऊबाई सांगते की तुम्ही दुपारी बेस छातीला टेकवून बसता आणि एकच तार छेडता. कधी कधी घोडीच्या बाजूचं झाकण उघडून बॅटरीच्या रिकाम्या जागेतली धूळ फुंकता आणि पुन्हा लावून टाकता. दुकान अजून आहे. काल मी त्यावरूनच गेले, भाजी घेऊन आले.