जाड तेल

जुन्या गाडीत कुठलं तेल घालायचं, हे डोंगरातल्या कोचकोर गावात एकाच माणसाला विचारत. जुमाकादिर त्याचं नाव, मानाने सगळे जुमाके म्हणत. उभा जन्म त्याने दुधाचा टँकर चालवला, आणि टँकर भंगारात गेल्यावर एक म्हातारी जर्मन गाडी घेऊन दोलोन घाटातून माणसं नेऊ-आणू लागला. कुणाला बाजारातून गाडी घ्यायची असली की आधी जुमाकेला चहा पाजायचा आणि बरोबर न्यायचं. तो इंजिनातली तेल मोजायची पट्टी ओढून काढायचा, थेंब दोन बोटांत चोळायचा आणि विकणाऱ्याकडे न बघता म्हणायचा, "जाड आहे. आतली खडखड दाबलीय. चला." विकणाऱ्याचं तोंड एवढंसं व्हायचं. झिजलेल्या इंजिनात जाड तेल ओतलं की ते चार दिवस गप्प बसतं, ही लबाडी त्याने इतक्यांदा पकडली होती की बाजारातले दलाल त्याला पाहून दुसऱ्या गल्लीत वळत.

त्या हिवाळ्यात त्याचीच गाडी खडखडू लागली. आवाज खालून यायचा, दबका, कुणीतरी आतून दार ठोठावत असल्यासारखा. जोडीला डॅशबोर्डवरचा तेलाच्या इशाऱ्याचा लाल दिवा मधूनच लुकलुकायचा. जुमाकेला कळायचं ते कळलं होतं. इंजिन उघडायला हवं होतं, आणि तोवर गाडी अंगणातून हलवायला नको होती.

पण त्याच्या बायकोच्या, अनीपाच्या भावाला जाऊन वर्ष होत होतं. घाटापलीकडे त्याच्या नावाचं मोठं जेवण होतं, घोडा कापायचा होता आणि सख्खी बहीण नसून चालणार नव्हतं.

"दुसऱ्या कुणाच्या गाडीने जाऊ," अनीपा म्हणाली. "तुमच्या या शवपेटीत मी नाही बसायची. आत कोण ठोकतंय ते आधी बघा."

"चाळीस वर्षं माझ्या शेजारी बसलीस, म्हातारे. आता परक्याच्या गाडीतून माहेरी जाणार? लोक काय म्हणतील मला?"

"म्हणतील, जुमाकेची गाडी मेली. मरू दे ना!"

हे मात्र त्याला लागलं. निघायच्या आदल्या दिवशी त्याने पातळ तेल काढून टाकलं आणि उन्हाळ्यातलं उरलेलं जाड तेल ओतलं. कुंपणावरून शेजारचा तिलेक बघत होता.

"काय जुमाके, जानेवारीत जाड तेल? विकताय की काय गाडी?"

"तुझं काम बघ."

"गिऱ्हाईक कोण? घरातलंच दिसतंय!" तिलेक हसला. जुमाके हसला नाही. डबा त्याने भिंतीआड ठेवला आणि बोटं चोळून चोळून पुसली.

सकाळी इंजिनाखाली पेट्रोलची शेगडी पेटवून त्याने तेल नीट तापवलं, मगच अनीपाला हाक मारली. गाडी मांजरीसारखी गुरगुरत निघाली. दिवा विझलेला होता.

"बघा, मनावर घेतलंत की होतं," अनीपा म्हणाली आणि तिने बोर्सोकची, तळलेल्या पिठाच्या गोळ्यांची पिशवी मांडीवर घेतली. उतरून खरं सांगून टाकायची तीच वेळ होती, आणि त्याने ती जाऊ दिली.

माहेरच्या घरी मंडळी दाटीने बसली होती. गाडी बाहेर, बर्फाच्या वाऱ्यात. जुमाकेचा हिशेब साधा होता, जाड तेल थिजू नये म्हणून अधूनमधून बाहेर जाऊन इंजिन चालू करायचं. पण मोठा जावई म्हणून त्याला आतल्या मानाच्या जागी बसवलं. कुराण वाचून होईपर्यंत उठता येईना. मग मांस आलं, प्रत्येकाच्या मानाचं हाड ज्याच्या त्याच्या हाती पडेपर्यंत उठता येईना. तो दोनदा गुडघ्यावर उभा राहिला, आणि दोन्ही वेळा कुणीतरी त्याला हात धरून बसवलं.

"बसा हो जुमाके, तुमचा घोडा काही सुटून जात नाही!"

खिडकीवर बर्फाची नक्षी चढत गेली. त्याच्या ताटातली चरबी थिजून पांढरी झाली होती. तिच्याकडे बघताना त्याला गाडीच्या पोटातलं तेल दिसत होतं.

शेवटची दुवा झाली तेव्हा ऊन डोंगराआड चाललं होतं. सगळं गणगोत निरोपाला गाडीभोवती उभं राहिलं. अनीपाच्या भाच्याचा पोरगा शेगडी घेऊन आला.

"आजोबा, खालून जरा शेकू का? रात्रीसारखा गारठा आहे."

भोवती चार ड्रायव्हर उभे होते. शेगडी लागली की कुणीतरी विचारणार होतं, आत तेल कुठलं आहे. उभ्या जन्माचं नाव त्या एका प्रश्नाने जाणार होतं.

"माझ्या गाडीला लागत नाही शेगडी," जुमाके म्हणाला.

इंजिन कण्हत कण्हत फिरलं, थांबलं, पुन्हा फिरलं आणि लागलं. लाल दिवा पेटला तो पेटलाच. जुमाकेने डोक्यावरची लोकरी टोपी काढून दिव्यापुढे ठेवली. टोपी म्हणजे मान; ती भलत्या जागी ठेवणारा माणूस नव्हता तो.

"टोपी का काढलीत?"

"उकडतंय."

"तुमची वाट पांढरी होवो!" बायका ओरडल्या. निरोपाला त्या भागात असंच म्हणतात, पण समोरचा रस्ता खरोखरच पांढराफटक होता आणि ते शब्द त्याच्या अंगावर आले.

पोट भरल्याने अनीपाला लगेच झोप लागली. चढ सुरू झाल्यावर त्याने टोपीची कड उचलून पाहिली. दिवा विझला होता. त्याला रडू येईल इतकं बरं वाटलं. वळणं मागे पडत गेली. माथा दिसू लागला, आणि आतल्याने दार ठोठावलं. एकदा, दोनदा, मग सारखंच. मागे वळावं तर तितकंच अंतर, पुढे निदान उतार. त्याने दात आवळून पाय दाबला. माथा ओलांडला त्याच क्षणी खाली काहीतरी कडाडलं, चाकं घसरली. त्याने क्लच दाबला आणि सगळं गप्प झालं.

गाडी उतरत होती. इंजिन मेलं होतं, तरी ती उतरत होती, बर्फावरून, नुसत्या वाऱ्याच्या आवाजात. इंजिनाची मदत तुटल्याने पायाखालचा ब्रेक दगडासारखा कडक होत चालला होता. जुमाकेला भीती वाटली, आयुष्यात वाटली नव्हती तेवढी.

अनीपाने डोळे किलकिले केले.

"किती शांत चाललीय हो," ती म्हणाली. "उगाच बोलले मी तुम्हाला परवा."

त्याने दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलं.

"गारठलात की. टोपी घाला बघू." तिने हात लांबवून टोपी उचलली, त्याच्या डोक्यावर नीट बसवली, कानांवर ओढली. मग टोपीखालून उघड्या पडलेल्या दिव्याच्या उजेडात तिला आपले हात लाल दिसले.

समोर पहिलं वळण आलं होतं.