सावकाची घाई

सावकाला खुर्चीत टेकलेलं मी चौदा वर्षांत फारसं पाहिलं नाही. फोन खाली ठेवायच्या आत ती दारात उभी असायची, सूर्यफुलाच्या बिया फोडत. आमच्या स्मोल्यानकडच्या डोंगरात अँब्युलन्सवर डॉक्टर क्वचितच असतो. रोग्याचा जीव फेल्डशरच्या, म्हणजे डॉक्टरच्या खालोखाल शिकलेल्या वैद्यकीय सहायकाच्या, हातात. आमची फेल्डशर सावका, आणि तिचा ड्रायव्हर मी, व्हल्चो. मधल्या काचेवर तिची मूठ आपटायची. "गाढवावर बसलायस का रे? हाण!" मी हाणायचो. आमच्याइतक्या वेगाने ती वळणं कुणी घेत नसे, आणि त्याचा आम्हाला अभिमान होता.

गेल्या मार्चमध्ये सगळ्यांना प्लोवदिवला प्रशिक्षणाला पाठवलं. वाटभर सावकाची कुरकुर चालू. "सव्वीस वर्षं झाली मला या कामात. आता रबरी बाहुल्याशी खेळू?"

तिथल्या हॉलमध्ये बिनचाकांची एक अँब्युलन्स लोखंडी पायांवर उभी होती. आत सगळं खरं: स्ट्रेचर, ऑक्सिजन, कानठळ्या बसवणारा सायरन. काचांच्या जागी पडदे, त्यांवर रस्ता पळायचा. वळण आलं की ते लोखंडी पाय खालीवर होऊन अख्खी गाडी कलायची. मी स्टिअरिंगवर, सावका मागे. स्ट्रेचरवरच्या पुतळ्याचं हृदय बंद पडलं तशी ती त्याची छाती दाबायला लागली, आणि सवयीने ओरडलीच, "हाण, व्हल्चो!"

बाहेर आलो तेव्हा प्रशिक्षकाने, डॉक्टर यासेनने, तिच्यापुढे एक कागद ठेवला. पुतळ्याच्या छातीतलं यंत्र प्रत्येक दाब किती खोल गेला ते टिपून ठेवतं.

"सावकाताई, सरळ रस्त्यावर तुमचे हात उत्तम चालतात," तो चाचरत म्हणाला. "पण वळणांवर..."

वळणांवर रेघ जवळजवळ सपाट होती.

"यंत्र बिघडलंय तुमचं."

"मग पुन्हा करू. या खेपेला गाडी उभी ठेवून."

उभ्या गाडीत रेघ खोल आणि एकसारखी आली. सावकाने परत गाडी चालू करायला लावली. परत सपाट. चार वेळा केलं तिने, घामाने निथळेपर्यंत.

"हृदय वाटेत बंद पडलं तर आधी थांबायचं, ताई," यासेन म्हणाला. "शॉकचं मशीन, औषधं, सगळं गाडीत असतंच. नाडी आली की निघायचं."

मग आम्ही परत निघालो. बाचकोवो गावाच्या पुढे ती एकदम म्हणाली, "मानोल."

मला कळलं. दोन हिवाळ्यांपूर्वी मधमाश्या पाळणाऱ्या मानोलला आम्ही वरच्या गावातून आणलं होतं. त्याचं हृदय वाटेतच थांबलं, आणि आम्ही बर्फातून एकोणीस मिनिटांत दवाखाना गाठला. तो गेला. पण त्याची बायको फिदांका गावभर सांगत राहिली, सावकाने वाऱ्यासारखं नेलं हो. नाताळात मधाची बाटलीही पाठवायची.

"गाडी मी हाणत होतो," मी म्हटलं.

"सांगत मी होते."

त्यानंतर तिला घरात राहवेना. सुट्टीच्या दिवशीही स्टेशनात यायची आणि धुतलेली गाडी पुन्हा धुवायची. एप्रिलमध्ये म्हणाली, "फिदांकामावशीकडे चल."

"म्हातारीच्या जिवाला का घोर लावतेस?"

"तिच्या बाटलीचं झाकण मला उघडवत नाही, व्हल्चो."

फिदांकाने कॉफी ठेवली, बशीत प्लमचा मुरंबा. सावका उभीच राहिली आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. "थांबलो असतो तर कदाचित वाचला असता, मावशी. कदाचित नसताही."

"कदाचित," फिदांका म्हणाली. "हे घेऊन मी आता काय करू? रोज या 'कदाचित'शी बोलत बसू?"

सावका दाराकडे वळली.

"मग सांगितलंस कशाला?" म्हातारीने अर्धी कॉफी राहिलेला माझा कप उचलून नेला. आम्ही फाटकापाशी पोचल्यावर मागून हाक आली. "त्याला दुखत होतं का गं?"

"नाही, मावशी. तो शुद्धीत नव्हता."

"हे तरी आधी सांगायचंस," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

जूनमध्ये पोस्टातल्या देल्याला छातीत कळ आली. तिला घेऊन उतरत असताना मागे मशीन किंचाळायला लागलं. अ‍ॅक्सिलरेटरवरचा माझा पाय आपोआप खाली गेला. काचेवर मूठ बसली.

"थांबव!"

"इथे? वळण आहे!"

"पुढच्या झऱ्यापाशी घे. थांबव म्हणते ना!"

झऱ्याशेजारी गाडी लावून मी मागे चढलो. देल्याचा नवरा माझ्या शेजारच्या सीटवर होता. तो उतरून धावत आला आणि माझी बाही ओढायला लागला. "उभे काय राहिलात? मारताय तिला! चला ना!"

छाती दाबणाऱ्या सावकाने मान वर केली नाही. "तिला सोडून मी कुठेही जात नाहीये. व्हल्चो, माझे हात दमले, तू घे."

एक शॉक दिला, मग दुसरा. मागे लाकडांचा ट्रक हॉर्न वाजवत होता. नवव्या मिनिटाला देल्याच्या मानेत नाडी लागली. मग मी निघालो, प्रत्येक वळण जपून घेत.

देल्या आता परत पोस्टाच्या खिडकीत बसते. लोकांची नावं विसरते, पत्रं मात्र नीट लावते. तिचा नवरा अजूनही कॅफेत सांगतो, हे दोघं बाईला रस्त्यात ठेवून उभे होते म्हणून.

महिन्यातून दोन दिवस ती प्लोवदिवला शिकवायला जाते. लोकांना वाटतं, आता तिचं मन निवांत झालं असेल. मी एकदा विचारलं, "मानोलच्या आधी असे गाडीत गेलेले किती असतील गं?"

"एकदा कागद घेऊन बसले होते," ती म्हणाली. "अकराव्या नावाशी उठले." आणि बाहेर जाऊन ऑक्सिजनचे सिलिंडर तपासायला लागली. ते मी सकाळीच तपासले होते.