न कापलेली कड

आबा माणसांपेक्षा कागदाशी नीट वागत. गिऱ्हाइकाला कधी "बसा" म्हणाले नाहीत, पण जुनं चित्र हातात घेण्याआधी साबणाने हात धुवायचे. जळगावात त्यांचं फोटोफ्रेमचं दुकान होतं. मी तिथे चौदा वर्षं काचा पुसल्या आणि खिळे ठोकले.

दुकानात देव आणि वारलेली माणसं. घरात मात्र विलायती व्यंगचित्रं. दोनशे वर्षांपूर्वी इंग्रजांनीच स्वतःच्या राजाची आणि प्रधानांची टर उडवून छापलेली. भुसावळला रेल्वेच्या जुन्या साहेबांचं सामान भंगारात यायचं, त्यातून आबा ती शोधून आणायचे. त्यांची बायको ओरडायची, "देवाले जागा नही, अन् हाऊ ढेरपोट्या भितवर!"

आबा म्हणायचे, "मना बाप साहेबपुढे मान वर करे नही. दख, त्यासनाच मानूसनी त्यासना राजानं काय करी टाकं!"

मला त्यांनी एकच ताकीद दिलेली. "अक्का, कड कापू नको." चित्राभोवती बोटभर कोरा, मळका कागद असायचा. फ्रेमच्या धंद्यात तो कापतातच, चित्र नेटकं दिसतं. एकदा त्यांच्यामागे मी एक कापलं. आबा आठ दिवस बोलले नाहीत.

"कोऱ्या कागदासाठी एवढं रुसायचं?" मी म्हटलं.

"कोरा नही तो," एवढंच म्हणाले. समजावून सांगायचा त्यांचा स्वभाव नव्हता.

मग वाचनालयाने या चित्रांचं प्रदर्शन ठरवलं. आबा त्या आठवड्यात नीट जेवले नाहीत. चित्रं फ्रेमांतून काढून टेबलावर ठेवली आणि बाहेरगावचे एक प्राध्यापक तपासायला आले. नेमकं मी कापलेलंच वर होतं. ते उलटंपालटं करून म्हणाले, "पुस्तकातून कापलेली पानं ही. नकला आहेत, लावू नका."

"आबा, आयुष्यभर रद्दी जमवली की हो!" कमिटीतला एक जण हसला. आबा चित्रं गोळा करू लागले.

चूक माझी होती, म्हणून मीच पुढे झाले. चित्रांना काच बसवताना त्या कोऱ्या कडेला एक सरळ खाच माझ्या बोटाला लागायची, चारी बाजूंनी. मी तो कागदाचा दोष समजत होते. मी कापलेल्यावर बोट फिरवलं, तर खाच नाही.

"साहेब, हे मी बिघडवलंय. दुसरं घ्या. डोळे मिटा आणि कडेवरून बोट फिरवा."

त्यांचं बोट थांबलं. मग दुसऱ्या चित्रावर, तिसऱ्यावर.

"छापताना तांब्याच्या पत्र्याने पडलेला दाब आहे हा," ते हळू म्हणाले. "पुस्तकातल्या नकलेला तो नसतो. अस्सल आहेत." आणि पुढच्या चित्राला हात लावण्याआधी त्यांनी नळ कुठे आहे ते विचारलं.

एकूण एक चित्र भिंतीवर लागलं. तीन दिवस अख्खं गाव त्या राजाला हसलं. आबा दारात मान वर करून उभे होते आणि येणाऱ्या प्रत्येकाला म्हणत होते, "बसा, बसा."

आबा गेले. चित्रं वाचनालयाला दिली होती. कापलेलं तेवढं मला देऊन गेले. ते माझ्या भिंतीवर आहे. येणारा कोणीतरी म्हणतोच, नक्कल दिसते. मी त्याला आधी हात धुवायला पाठवते.