निळ्याच्या घरी हिरवं

रंगाच्या बाबतीत कोणी छटाकाकांना शिकवायला गेलं, की ते चष्मा कपाळावर चढवत आणि त्याच्याकडे अशा नजरेने बघत, की आपण काय बोलत होतो तेच तो विसरून जाई. तो अधिकार त्यांना होताच. एकतीस वर्षं ते रंगाच्या दुकानात मागच्या फळीशी उभे राहून रंग कालवत आले होते. कोणी भिंतीचा पोपडा घेऊन येई, कोणी उशीच्या अभ्र्याची चिंधी. एका गृहस्थाने तर अर्धा खाल्लेला पेरू आणला होता आणि बैठकीच्या खोलीला 'आतला रंग' मागितला होता. छटाकाका थेंब मोजत, काडीने ढवळत, एक ठिपका नखावर लावून दारातल्या उजेडात धरत आणि म्हणत, "न्या." डबा कधी परत आला नाही. छटा जुळवणारे म्हणून ते छटाकाका. अंगानेही छटाकभरच होते, त्यामुळे नाव आणखी घट्ट बसलं.

मग दुकानात रंग कालवायचं यंत्र आलं. बटण दाबलं की ते पिचकाऱ्या मारी आणि रंग चुकला तरी त्याला काही वाटत नसे. छटाकाका निरोपाची शाल पांघरून, मान हलवून घरी आले आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी घराचा ताबा घेतला. पडदे आणि सोफा यांचं कसं जमत नाही, भिंतीचा पांढरा हा मुळात पांढरा कसा नाही, हे ते बायकोला सकाळ-संध्याकाळ समजावू लागले. बायको प्रसूतिगृहात तीस वर्षं नर्स होती. हजारो बायकांच्या किंकाळ्या तिने शांतपणे ऐकल्या होत्या, पण पंधरवड्यात ती टेकीला आली. तिने लेकीला फोन केला. "तुझ्या बाबांना काहीतरी आणून दे गं. माझ्या डोक्यावर मिऱ्या वाटतायत."

लेकीने बजी पक्ष्यांची जोडी आणून दिली. मुठीएवढे, लांब शेपटीचे, बडबडे. नर हिरवा, मादी हिरवी. काकांनी पहिल्याच दिवशी निकाल दिला, "कच्च्या कैरीवर दोन थेंब पिवळा."

दोन महिन्यांत लाकडी खोक्यात चार पिल्लं झाली. सुरुवातीला ती उकडलेल्या बटाट्यासारखी दिसत होती, म्हणून काकांनी मत राखून ठेवलं. पिसं फुटली तेव्हा तीन पिल्लं हिरवी निघाली. चौथं निळं. पावसानंतर आभाळ धुऊन निघतं तसं.

काका खुर्चीत बसले. एकतीस वर्षांच्या अनुभवातून त्यांना एक सत्य उमगलं होतं: डब्यात रंग घालता येतो, डब्यातून रंग काढता येत नाही. निळ्यात पिवळा टाकून हिरवा होईल, पण हिरव्यातून पिवळा उपसून निळा करणारा माणूस अजून जन्माला यायचाय. मग हा निळा आला कुठून?

उत्तर वरच्या मजल्यावर राहत होतं. तिथे एक घड्याळजी एकटेच असत आणि त्यांच्या गॅलरीत एक निळा बजी होता. काका जिना चढून गेले. घड्याळजी डोळ्याला भिंग लावून एका मनगटी घड्याळाचं पोट फाडून बसले होते.

"तुमचा निळा कुठे असतो?" काकांनी विचारलं.

"पिंजऱ्यात."

"कायम?"

"नाही, संध्याकाळी पत्ते कुटायला जातो. झालंय काय?"

"आमच्या हिरवीला निळं पिल्लू झालंय."

"अभिनंदन."

"अभिनंदन कसलं! या इमारतीत निळा तुमच्याकडेच आहे."

घड्याळजींनी डोळ्यावरचं भिंग काढलं. "अहो, मधे दोन दारं, एक जिना आणि दिवसभर घरात बसलेले तुम्ही. तो काय बेल वाजवून आला?"

काकांनी आवाज चढवला. घड्याळजींनीही चढवला. जिन्यात दारं उघडली. शेवटी बायकोने खालून हाक मारली, "अहो, खाली या. वॉर्डात हेच रोज ऐकून कंटाळले होते मी."

दुसऱ्या दिवशी काका पक्ष्यांचे दाणे विकणाऱ्या बाईंच्या दुकानात गेले. बाई राळे पाखडत होत्या. गाऱ्हाणं ऐकताना त्यांचं सूप एकदाही थांबलं नाही.

"काका, प्रत्येक पक्ष्याच्या पोटात रंगाच्या दोन चिठ्ठ्या असतात. एक आईने दिलेली, एक बापाने. हिरवी चिठ्ठी तोंडाळ, निळी म्हणजे गरीब गाय. दोघी एका घरात असल्या तर आवाज कोणाचा ऐकू येईल?"

"हिरवीचा."

"म्हणून निळी घर सोडून गेली का?"

"नाही."

"ती आत गप्प बसून असते. तुमच्या जोडीत दोघांकडेही एकेक निळी गप्प बसलेली असणार. दोघांनी नेमकी तीच पिल्लाला दिली. आता ओरडायला हिरवी नाहीच, मग निळी दिसली."

"पण बाई, हिरव्यातला पिवळा गेला कुठे? रंग काढता येत नाही हो!"

बाईंनी शेवटी सूप खाली ठेवलं. "काढला कोणी? बजीचा हिरवा म्हणजे निळ्यावर पिवळ्याचा हात. निळ्या पिल्लाला तो वरचा हात मिळालाच नाही."

काका पुतळ्यासारखे उभे राहिले. वरचा हात द्यायचा राहिला! ही भाषा त्यांची होती. एकतीस वर्षांचं सत्य शाबूत होतं आणि वर नवं सत्य फुकट मिळालं होतं. "आणि पूर्ण पिवळा असतो त्याचं काय?" त्यांनी अधाशासारखं विचारलं.

"ती गंमत वेगळी. लाल डोळ्यांच्या पिवळ्याची चिठ्ठी हिरवा नर आयुष्यभर लपवून हिंडेल, कोणाला पत्ता लागणार नाही. मादीच्या मात्र ती गोष्ट पोटात राहत नाही. असली तर अंगावर दिसणारच."

"माणसांत उलटं आहे," काका म्हणाले.

"तसं तुम्हाला वाटतं," बाई म्हणाल्या आणि पुन्हा पाखडू लागल्या.

घरी येऊन काकांनी रंगांची जुनी शेडकार्डं काढली आणि जेवणाच्या टेबलावर त्यांच्या पाठीवर, आईची कोणती चिठ्ठी बापाच्या कोणत्या चिठ्ठीला भेटते याचे चौकोन आखू लागले. बायको समोर शेंगा निवडत होती. काका उत्साहाने सांगत होते, "म्हणजे बघ, आईबापांत जे कुठेच दिसत नाही, ते लेकरात दिसू शकतं. त्यासाठी आईकडे संशयाने बघायचं काहीएक कारण नाही!"

बायकोचा हात थांबला. "परत म्हणा."

"काय?"

"शेवटचं."

काकांनी परत म्हटलं, पण या वेळी आवाज जरा खाली आला. कारण त्यांनाही आठवलं. त्यांच्या लेकीचे डोळे घारे. काकांचे काळे, बायकोचे काळे. लेक जन्मली तेव्हा काकांची आत्या बघायला आली होती. पाळण्यावर वाकून ती म्हणाली होती, "आमच्याकडे तर घारं कोणी नाही बाई." आणि ज्याला पेरूच्या आतला रंग जुळवता येत होता तो माणूस शेजारी उभा राहून म्हणाला होता, "बदलेल पुढे."

"मी तेव्हा बोलायला हवं होतं," काका म्हणाले.

"हो."

"आता बोललं तर?"

"आत्याबाई जाऊन बारा वर्षं झाली."

"तुझ्याशी बोललं तर?"

बायकोने शेंगांचं ताट बाजूला सारलं. "बोला."

"चुकलं माझं. तुझ्यातही घारा गप्प बसलेला होता आणि माझ्यातही. निम्मा माझाच होता तो."

ती म्हणाली, "वॉर्डात मी असल्या किती नवऱ्यांना दम दिला असेल. घरातल्याला द्यायचा राहिला." आणि ताट पुन्हा पुढे ओढून म्हणाली, "हे कळायला तुम्हाला पक्षी पाळावे लागले! घ्या, शेंगा निवडा."

काकांनी घड्याळजींचीही माफी मागितली. घड्याळजींनी चहा ठेवला आणि दोघांची गट्टी जमली. वर्षभराने निळं पिल्लू वयात आलं, मादी निघाली, आणि घड्याळजींच्या निळ्याशी तिची जोडी लावायचं ठरलं. काका स्वतः पिंजरा उचलून तिला वर पोचवून आले. येताना त्यांचे डोळे भरले होते, असं घड्याळजी सांगत. काका म्हणत, जिना चढून धाप लागली होती. त्या दिवसापासून दोघे एकमेकांना 'व्याही' म्हणू लागले.

एव्हाना काकांच्या ज्ञानाला पूर आला होता. दाताच्या डॉक्टरने तोंडात आरसा घातला असतानाही ते चिठ्ठ्यांबद्दल बोलत. दुधवाल्याने तर बाटली ठेवून पळायला सुरुवात केली. अखेर पक्षी पाळणाऱ्यांच्या मंडळाने त्यांना रविवारच्या बैठकीत भाषणाला बोलावलं. काका इस्त्रीचा सदरा घालून गेले, व्याह्यांना सोबत नेलं. तीस माणसांपुढे शेडकार्डं नाचवत ते म्हणाले, "हिरव्यात निळा लपतो, पण निळ्यात हिरवा लपूच शकत नाही, कारण हिरवी चिठ्ठी तोंडाळ! आमच्या व्याह्यांकडे निळ्याची जोडी अंड्यांवर बसली आहे. त्यातून एक जरी हिरवं पिल्लू निघालं, तर ही मिशी उतरवीन!"

मिशी चाळीस वर्षांची होती. टाळ्या जोरात पडल्या.

महिना-सव्वा महिना गेला. एका सकाळी वरून घड्याळजींचा आवाज आला. "व्याही, जरा वर या. एकटेच या."

खोक्यात पाच पिल्लं होती. चार निळी. पाचवं, अंगाने सर्वांत लहान, पंखांवर कोवळी पिसं फुटलेलं, हिरवंगार.



"आमच्या घरात असलं कधी झालं नव्हतं," घड्याळजी हळूच म्हणाले.

"म्हणजे काय म्हणायचंय तुम्हाला?"

"काही नाही. मुलगी तुमच्याकडची."

"तोंड सांभाळा! माझी पोर कधी गॅलरीबाहेर गेलेली नाही."

"माझा तरी कुठे गेलाय? हे मी तुम्हाला मागेच सांगितलं होतं, तुम्ही माझ्या दारात उभे राहून ओरडत होतात तेव्हा."

काका खाली आले. त्यांनी सगळे चौकोन पुन्हा आखले. निळी अधिक निळी. उलटे आखले, तिरके आखले. प्रत्येक घरात निळंच येत होतं. शास्त्र खोटं म्हणावं तर दाणेवाल्या बाई खोट्या ठरत होत्या, आणि खरं म्हणावं तर वर दिलेली निळी लेक. काकांना दोन्ही जमेना. मग ते उठले, न्हाणीघरात गेले, आणि दिलेला शब्द पाळला.

बायको बाजारातून आली तेव्हा हॉलमध्ये एक अनोळखी, केविलवाणा गृहस्थ बसला होता.

"अगंबाई! हे काय करून घेतलंत?"

"वर हिरवं पिल्लू निघालंय," काका म्हणाले. उघड्या पडलेल्या ओठावर त्यांना गार लागत होतं.

"मग निघणारच! निघालं का ते? मला धाकधूक होती, गार पडलं होतं हो."

"काय गार पडलं होतं?"

"अंडं. तुम्ही दोघं भाषणाला गेला होतात ना, त्या दिवशी आपल्या हिरवीने, खोकं काढून ठेवलं होतं म्हणून, पिंजऱ्याच्या तळाशीच अंडं घातलं. वरच्या दाण्यापाण्यासाठी घड्याळजींनी किल्ली दिलीच होती. तळहातात धरून वर नेलं आणि निळीखाली सरकवलं."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं की! तुम्ही टाळ्या कशा पडल्या ते सांगत होतात. मी म्हटलं, 'अंडं वर ठेवलंय हं.' तुम्ही म्हणालात, 'बरं केलंस.'"

काकांनी डोळे मिटले. "मला वाटलं, फ्रिजच्या वरच्या कप्प्यात."

बायको पिशवी घेऊन तशीच खाली बसली. तीस वर्षांत तिच्या वॉर्डात एकाही बाळाची अदलाबदल झाली नव्हती. मनगटाला चिठ्ठी बांधल्याशिवाय तिने मूल आईच्या हातून घेतलं नव्हतं. "एवढी नोकरी निष्कलंक केली," ती म्हणाली, "आणि निवृत्तीनंतर हे!" मग तिने काकांच्या ओठाकडे पाहिलं आणि तिला असं हसू फुटलं, की पिशवीतले कांदे घरंगळत दारापर्यंत गेले.

काकांना मात्र मिशीचं दुःख नव्हतं. शास्त्र खरं होतं! लेक खरी होती! ते दोन-दोन पायऱ्या गाळत वर धावले. घड्याळजींनी दार किलकिलं केलं. "आज दुकान बंद आहे. घड्याळ उद्या आणा."

"अहो व्याही, मी!"

घड्याळजींनी भिंग लावून खात्री केली. सगळं ऐकून घेतल्यावर ते आधी निळ्याच्या पिंजऱ्यापुढे गेले, त्याच्याशी काहीतरी पुटपुटले, आणि मग काकांच्या पाठीवर थाप मारली.

"चला तर," काका म्हणाले, "मोठं झालं की हिरवं आमचं आम्ही घेऊन जातो."

"वा रे वा! अंडं तुमचं असेल. उबवलं कोणी? चोच दुखेस्तोवर भरवलं कोणी?"

भांडण पुन्हा पेटणार, इतक्यात मागून आलेल्या बायकोने निकाल दिला. पिल्लू वरच राहील. आणि यापुढे दोन्ही घरांतल्या प्रत्येक पिल्लाच्या पायात आठवड्याच्या आत नंबराचं कडं पडेल. ती वही ती स्वतः ठेवील, पुरुषांनी हात लावायचा नाही.

पुढच्या बैठकीला काका मिशीविना उभे राहिले आणि घडलं ते सगळं सांगून मोकळे झाले. लोक हसून हसून बेजार झाले. पण हसणं ओसरल्यावर मागून एकाने विचारलं, गार पडलेलं अंडं हातातून नेऊन जगवलं कसं? मग दुसऱ्याने विचारलं, कडं नेमकं कितव्या दिवशी घालायचं? बायकोला पुढे बोलावलं गेलं. ती तासभर बोलली, शेडकार्डं न नाचवता. काका दुसऱ्या रांगेत तिची पर्स मांडीवर धरून बसले होते. मधेच कोणीतरी विचारलं, "त्या हिरव्याला पुढे निळी पिल्लं होतील का?" काका ताडकन उठले.

"अहो, थांबा," बायको म्हणाली. "तुमची पाळी नंतर."

काका पर्स सावरत खाली बसले.