भिंत खाणाऱ्या कोंबड्या

वाटणी झाली तेव्हा मी कोपऱ्यात बसले होते. नवऱ्याचं सुतकही फिटलं नव्हतं, आणि चार शहाण्यांनी ओसरीवर बसून वालूरचं आमचं घर चिरलं. पुढचं मुरमाचं अंगण आणि आड थोरल्या दिरांना, मागची काळ्या मातीची पट्टी मला. कोंबड्याही मला दिल्या, त्या घाण करतात म्हणून. मला कुणी विचारलं नाही. तो राग अजून गेलेला नाही.

मधे भिंत उठली. दिरांनी मुरूम आणि चुना कालवून ती चांगली जाड घातली.

त्याच कोंबड्यांवर मी उभी राहिले. सेलूच्या डाकबंगल्यावर अंमलदार उतरायचे. तिथल्या खानसाम्याशी भांडून भांडून मी अंड्यांचं गिऱ्हाईक बांधलं. माझी चूल त्यावर पेटायची. पण उन्हाळा लागला आणि एके दिवशी त्यानं टोपलीतलं अंडं उचललं, तर बोट सरळ आत गेलं.

"क्या बाई, इसकू छिलकाच नै! अब ऐसे लाए तो दूसरे के पास से लेतौं मैं."

सेलूहून परत येईपर्यंत मी स्वतःशीच भांडत होते. घरी आल्यावर एक म्हातारी कोंबडी कापली. कोंबडीच्या पोटात पथरीची पिशवी असते, तिच्यात खडे असतात, त्यांनीच दाणा दळला जातो. हिच्या पथरीत खडा नव्हता, अख्खी ज्वारी होती. काळ्या मातीत खडा येणार कुठून? वाटणीआधी कोंबड्या पुढच्या अंगणात खडे टिपायच्या, आडाजवळच्या डोणीत पाणी प्यायच्या. आता मी गावातल्या आडाचं पाणी डोक्यावरून आणून खापरात ओतायची, ते दुपारी कढत व्हायचं, मग आटायचं. गल्लीत सोडावं तर कुत्री टपलेली. अंडी पातळ कवचाची झाली आणि कमीही झाली.

मग एका सकाळी टकटक ऐकू आली. सगळ्या कोंबड्या भिंतीच्या बुडाशी लागल्या होत्या. चुना टिपत होत्या, मुरूम उकरत होत्या. हाकलायला मी हात उचलला आणि तसाच खाली घेतला.

अंड्यांची कवचं घट्ट होऊ लागली. भिंत खालून पोखरत चालली, आणि पलीकडून दिरांचा आवाज आला. थोरल्या दिरांशी मी बोलायचं नाही, ही रीत. म्हणून ते जावेला सांगत होते.

"तिला म्हनाव, भिंत पडायलीय. कोंबड्या आवर."

मी तांबड्या कोंबडीला उचललं आणि तिच्यावरच ओरडले, "ऐक गं! खडा न्हाई, पानी न्हाई, मग भिंतच खाशील की! दर बाजाराला पाटीभर मुरूम आन् आडाचं पानी मिळालं तर कशाला खाशील?"

जाऊ हसली. "लय शानी हाय गं तुझी कोंबडी! वाटणीला तिलाच बसवायचं व्हतं."

"बसवलं असतं तर आड तुमच्याकडं गेला नसता, अक्का."

मग दीर म्हणाले, "मुरूम देऊ. पानी न्हाई. आज पानी दिलं की उद्या हक्क सांगंल."

मी कोंबडीला परत भिंतीपाशी सोडलं. "खा गं बाई, पोटभर खा."

टकटक सुरू झाली. बुडातलं एक ढेकूळ निसटून माझ्या पायाशी पडलं.

"एक घागर," दीर म्हणाले. "सकाळचीच."

"तिला उन्हाळ्यात दोन लागत्यात," मी कोंबडीकडं बघून म्हणाले.

पलीकडून जावेचा आवाज आला, "दोन घे म्हनत्यात."

दुसऱ्या दिवसापासून जाऊ भिंतीवरून घागर कलती करायची, मी खाली खापर धरायची. कोंबड्या चोच बुडवून माना वर करून प्यायच्या. पुढं खानसाम्यानं अंडं मेजाच्या कडेवर ठोकून पाहिलं आणि टोपली आत नेली.

पण तो आड खणायला माझ्या नवऱ्याचेही हात लागले होते, आणि त्याचं पाणी मी भिंतीखाली उभी राहून घेत होते. रोज सकाळी अंगाची आग व्हायची. बाजाराला मुरमाची पाटी आली की पट्टीत एवढी जागा असताना मी ती भिंतीच्या बुडाशीच ओतायची. कोंबड्यांना तिथं उकरायची सवय झाली होती. ती मी मोडू दिली नाही.